'मशरूम' या इंग्रजी शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मशरूमचा विषय निघाला की गप्पा लगेच 'खायचं की नाही' आणि 'विषारी कसं ओळखायचं' याकडे वळतात. इथे तसं होणार नाही, एक छोटा अपवाद सोडून. इथे शब्दाबद्दलच बोलायचं आहे: तो लिहायचा कसा, त्याचा अर्थ काय आणि तो आला कुठून. मुद्रितं तपासताना हे प्रश्न माझ्यापुढे इतक्या वेळा आले, की उत्तरं एका जागी लिहून ठेवलेली बरी असं वाटलं.

स्पेलिंग नेमकं काय?

एम, यू, एस, एच, आर, ओ, ओ, एम. एकूण आठ अक्षरं. सुरुवातही एमने आणि शेवटही एमने.

आपल्याकडून सगळ्यात जास्त चूक कुठे होते?

दुसऱ्या अक्षरात. 'यू'च्या जागी 'ए' पडतो. याचं कारण आपल्या सवयीत आहे. मोबाइलवर रोमन अक्षरांत मराठी लिहिताना 'अ'साठी आपण डोळे मिटून 'ए' टाकतो. 'मन' लिहायचं तर एम, ए, एन. मग कानाला 'मश' ऐकू आलं की बोट आपोआप 'ए'कडे जातं. पण इंग्रजीत हा आखूड 'अ' बहुतेक वेळा 'यू'ने दाखवतात. बट, कट, सन, मड हे शब्द आठवा. 'ए' घातला तर सुरुवातीला 'मॅश' तयार होतो, म्हणजे उकडून कुस्करणं. तो शब्द निराळा आहे.

दुसरी चूक म्हणजे एकच 'ओ' लिहिणं. तिसरी थोडी गमतीची आहे: शेवटी 'एम'ऐवजी 'एन' लिहिणं. ही चूक करणाऱ्याला मी मनातल्या मनात निम्मे गुण देतो. का ते पुढे कळेल.

'मश' आणि 'रूम' हे दोन शब्द जोडून तो झाला आहे का?

नाही. स्पेलिंग लक्षात ठेवायला ही फोड उत्तम आहे, पण इतिहास म्हणून साफ खोटी. या शब्दात 'मश' कधी नव्हता आणि खोलीही नव्हती.

'मश' म्हणजे लगदा किंवा घट्ट लापशी. या अर्थाने तो इंग्रजीत सतराव्या शतकात दिसू लागतो. मशरूम हा शब्द तोवर दोनशे वर्षं जुना झाला होता. जो शब्द अजून जन्मलाच नव्हता, त्याच्यापासून हा बनणार कसा? 'रूम' मात्र जुना आहे, आणि त्याने इथे नंतर घुसखोरी केली आहे. कान अनोळखी आवाज सहन करत नाही. तो त्यात ओळखीचं काहीतरी शोधतो, आणि सापडलं की लिहिणारा हात तेच लिहितो. या प्रकाराला भाषाशास्त्रात लोकव्युत्पत्ती म्हणतात.

इंग्रजीत याचे नमुने मुबलक आहेत. 'क्रेफिश' या शब्दात फिश आहे, पण तो प्राणी मासा नव्हे आणि शब्दाचाही माशाशी संबंध नाही. जुन्या फ्रेंचमधल्या 'क्रेव्हिस'चा शेवट इंग्रजी कानाला 'फिश'सारखा वाटला, एवढंच. 'अस्पॅरागस'चं तर लोकांनी 'स्पॅरोग्रास' करून टाकलं होतं, म्हणजे चिमणीचं गवत. तो शब्द पुढे मागे पडला. 'मशरूम' टिकला.

मग तो खरा आला कुठून?

फ्रेंचमधून. जुन्या फ्रेंचमध्ये 'मुसरों' किंवा 'मेसरों' असा शब्द होता. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोन-तीन शतकं तिथल्या दरबाराची, न्यायालयाची आणि वरच्या वर्गाच्या पानातल्या पदार्थांची भाषा फ्रेंच राहिली. इंग्लंडमध्ये बोलल्या जाणाऱ्या या फ्रेंचला अँग्लो-नॉर्मन म्हणतात. त्या वाटेने हा शब्द आत आला आणि पंधराव्या शतकात इंग्रजी लिखाणात चांगला रुळलेला दिसतो.

फ्रेंचच्या मागे गेलं की उत्तरकालीन लॅटिनमधला 'मुस्सिरिओ' हा शब्द भेटतो. त्याचा मोठा साक्षीदार म्हणजे अँथिमस नावाचा सहाव्या शतकातला बायझंटाइन वैद्य. फ्रँक लोकांचा राजा थ्यूडरिक याच्यासाठी त्याने काय खावं, काय टाळावं याबद्दल एक लांबलचक पत्र लिहिलं होतं. त्यात हा शब्द येतो. म्हणजे मशरूमच्या पूर्वजाची ओळख आपल्याला पथ्यपाण्याच्या कागदातून होते, आणि मला हे फार शोभून दिसतं.

त्याच्याही मागे काय, यावर एकमत नाही. एक जुना तर्क असा, की फ्रेंच 'मूस', म्हणजे शेवाळ, यावरून शब्द पडला असावा. शेवाळात उगवतं ते मुसरों. तर्क गोड आहे, पण अडचण अशी की 'मूस' हा शब्द जर्मानिक घराण्यातून फ्रेंचमध्ये आलेला आहे आणि 'मुस्सिरिओ'शी त्याचं नातं जुळवताना ओढाताण करावी लागते. रोमन लोक येण्याआधी गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात, ज्या भाषा बोलल्या जात होत्या त्यांतल्या एखादीचं हे अवशेष असावं, असा दुसरा तर्क आहे. मला तो अधिक पटतो. जंगलात उगवणाऱ्या गोष्टींची नावं जेते सहसा स्थानिकांकडूनच उचलतात. शेवाळाचा विचार बोलणाऱ्यांच्या मनात नंतर शिरला असेल आणि त्याने उच्चारावर थोडा रंग चढवला असेल, हेही अगदी शक्य आहे.

एक मजा बघा. फ्रेंचमध्ये 'मुसरों' आजही जिवंत आहे, पण तिथे तो काही ठरावीक जातींपुरताच वापरतात, विशेषतः वसंतात गवताळ जागी उगवणाऱ्या एका पांढरट, खाण्याजोग्या जातीसाठी. सर्वसाधारण शब्द तिथे 'शाम्पिन्यों' आहे, जो शेत या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. म्हणजे फ्रेंचांनी जो शब्द एका कोपऱ्यात ठेवला, त्यालाच इंग्रजांनी सगळ्या छत्र्यांचं नाव करून टाकलं.

शेवटी 'एन' होता तर 'एम' कसा झाला?

हीच ती निम्म्या गुणांची चूक. मूळ शब्द नाकातल्या 'न'ने संपत होता. इंग्रजीत आल्यावर अशा काही फ्रेंच शब्दांच्या शेवटचा 'न' ओठ मिटून 'म' झाला. खंडणी या अर्थाचा 'रॅन्सम' फ्रेंच 'रांसों'वरून आला. लिहिण्याच्या कातड्यासाठीचा 'व्हेलम' हा 'व्हेलँ'वरून. मशरूम याच रांगेतला. म्हणून 'मशरून' लिहिणारा विद्यार्थी नकळत पंधराव्या शतकात जाऊन पोहोचतो.

एकदा शेवटी 'म' आल्यावर 'रूम' ऐकू येणं फार दूर नव्हतं.

पूर्वी स्पेलिंग वेगळं होतं का?

वेगळं म्हणजे किती वेगळं! मुशेरों, मुसेरून, मुशरोम, मशरम्प अशी रूपं जुन्या कागदांत सुखाने नांदतात. छापखाना आल्यानंतरही बराच काळ ज्याला जसं ऐकू येई तसं तो लिही.

यातलं 'मशरम्प' हे रूप मला सगळ्यात आवडतं, कारण त्याला मोठ्या घरचा आधार आहे. ख्रिस्तोफर मार्लोच्या 'एडवर्ड द सेकंड' या १५९४ मध्ये छापल्या गेलेल्या नाटकात राजाच्या लाडक्या गॅव्हेस्टनला 'रातोरात उगवलेला मशरम्प' म्हणून हिणवलं आहे. शेक्सपिअरच्या 'द टेम्पेस्ट'मध्ये जादूगार प्रॉस्पेरो ज्या अदृश्य शक्तींना हाक मारतो, त्या मध्यरात्री गंमत म्हणून मशरूम उगवतात; १६२३ च्या फोलिओत, म्हणजे त्याच्या नाटकांच्या छापील संग्रहात, तिथेही 'मशरम्प'च आहे. आजच्या आवृत्त्यांत बहुधा ते बदलून 'मशरूम' करतात. संपादकांचा नाइलाज समजतो, पण 'म्प'चा तो धप्प आवाज गेला तो गेलाच.

फ्रेंच शब्द येण्याआधी इंग्रज काय म्हणत होते?

जुन्या इंग्रजीत 'स्वॅम' असा शब्द होता. जर्मनमधला 'श्वाम' आणि स्वीडिशमधला 'स्वाम्प' हे त्याचे भाऊ. यांच्या अर्थात स्पंज आणि भूछत्र एकमेकांत मिसळलेले आहेत. इंग्रजीतून मात्र हा शब्द गेला. गोठ्यातल्या गाय-मेंढीसारख्या जनावरांची नावं सॅक्सन, म्हणजे जुन्या इंग्रजीतली, राहिली आणि ताटातल्या मांसाची नावं फ्रेंच झाली, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. इथे जंगलातली वस्तूही नाव बदलून बसली.

'टोडस्टूल' आणि 'मशरूम' यांत फरक काय?

शास्त्राच्या दृष्टीने काहीच नाही. हे नीट समजून घ्या, कारण याच प्रश्नावर माणसं चुकतात.

आजच्या बोलीत खाण्याजोगं ते मशरूम आणि विषारी किंवा संशयास्पद ते टोडस्टूल, अशी ढोबळ वाटणी आहे. पण ती भीतीने केलेली वाटणी आहे, निसर्गाने नव्हे. दोन्ही नावं एकाच घराण्यातल्या सख्ख्या भावंडांना लागू शकतात. ॲमॅनिटा या एकाच प्रजातीत उत्तम खाद्य जाती आहेत आणि 'डेथ कॅप' ही जगातल्या सर्वांत घातक जातींपैकी एकही आहे.

जुन्या काळात तर ही वाटणीही नव्हती. सुमारे १४४० सालच्या एका इंग्रजी-लॅटिन शब्दकोशात 'मुशेरों' या शब्दापुढे अर्थ म्हणून 'टोडची टोपी' असं दिलं आहे. म्हणजे मशरूम म्हणजे काय, तर बेडकाची टोपी! आणि आता लोक विचारतात की दोघांत फरक काय.

'टोडस्टूल' शब्द चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून सापडतो आणि त्याचा अर्थ जसा दिसतो तसाच आहे: टोडचं बसायचं स्टूल. टोड म्हणजे अंगावर फोड असलेला, जमिनीवर राहणारा बेडूक. त्याच्या कातडीतून खरोखरच विषारी स्राव निघतो. मध्ययुगात तो विषाचं प्रतीकच होता. ओलसर जागी दोघंही दिसणार, तेव्हा नातं जोडलं गेलं. डच भाषेत भूछत्राचा सर्वसाधारण शब्दच 'पाडेनस्टूल' आहे, टोडची खुर्ची. डॅनिशमध्ये 'पाडेहात', टोडची टोपी. वेल्शमध्ये तर टोडचं चीज म्हणतात. युरोपच्या उत्तरेत सगळ्यांनीच बेडकाला कुठे ना कुठे बसवलं आहे.

इंटरनेटवर एक उत्तर फिरतं, की हा मुळात जर्मन 'टोड', म्हणजे मृत्यू, आणि 'श्टूल', म्हणजे खुर्ची, असा 'मृत्यूचा पाट' आहे. नाट्य भरपूर, पुरावा शून्य. जर्मनमध्ये या प्राण्याला 'क्रोटे' म्हणतात, आणि इंग्रजी 'टोड' हा जुन्या इंग्रजीतला घरचा शब्द आहे.

म्हणजे नावावरून विषारी ओळखता येत नाही?

नावावरून नाही, आणि घरगुती युक्त्यांवरूनही नाही. हा तो अपवाद. चांदीचा चमचा काळा पडतो, किड्यांनी खाल्लं असेल तर सुरक्षित, साल सोलली गेली तर चालतं, शिजवलं की विष जातं: या चारही गोष्टी 'डेथ कॅप'पुढे फोल ठरतात. जातीची अचूक ओळख हाच एक उपाय आहे.

'फंगस' आणि 'मशरूम' एकच का?

नाही. प्रत्येक मशरूम फंगस आहे, पण प्रत्येक फंगस मशरूम नाही. आंबा आणि आंब्याचं झाड यांत जे नातं, साधारण तेच इथे आहे. जमिनीखाली किंवा लाकडात कोळ्याच्या जाळ्यासारखा पसरलेला धाग्यांचा पसारा असतो, तो खरा जीव. वर दिसणारी छत्री हे त्याचं बीजाणू पसरवण्याचं साधन. शिवाय कित्येक फंगसना छत्री येतच नाही. पावाचं पीठ फुगवणारं यीस्ट, शिळ्या अन्नावरची बुरशी, गव्हावरचा तांबेरा, ज्वारीवरची काणी, वेलींवरची भुरी, हे सगळं याच राज्यातलं. आतापर्यंत सुमारे १,५०,००० जातींचं वर्णन झालं आहे, आणि न सापडलेल्या त्याच्या कितीतरी पट असणार.

'राज्य' हा शब्द मुद्दाम वापरला. फार काळ यांना वनस्पतींमध्ये धरत. रॉबर्ट व्हिटेकर यांनी १९६९ मध्ये पाच राज्यांची मांडणी केली आणि त्यात फंगसना स्वतःचं राज्य मिळालं. त्यांना हरितद्रव्य नसतं, पेशीभित्तिकेत कायटिन असतं, जे झुरळा-खेकड्यांच्या कवचात असतं, आणि जनुकांच्या हिशेबात ती झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची आहेत.

'फंगस'चं मूळ आणि अनेकवचन?

लॅटिन 'फुंगुस'. तो ग्रीक 'स्पॉन्गॉस', म्हणजे स्पंज, याच्याशी नात्यातला असावा असं मानतात. म्हणजे पुन्हा स्पंजच. इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात आला.

अनेकवचन 'फंगाय', शेवटी आय. उच्चार फंगाय, फंजाय, फंगी, फंजी असे चारही ऐकू येतात आणि शब्दकोश कुणालाच हाकलून देत नाहीत. 'फंगसेस'ही चालतं. चालत नाही ते 'एक फंगाय' आणि 'फंगाईज'. एक सापळा आणखी: विशेषण 'फंगस'सारखंच उच्चारतात, पण त्यात शेवटच्या 'यू'आधी 'ओ' असतो. गोंधळ नको असेल तर सरळ 'फंगल' वापरावं.

'फंजिबल' हा अर्थव्यवहारातला शब्द याच्याशी संबंधित आहे का?

नाही, पण शंका रास्त आहे. लॅटिनमध्ये 'फुंगी' अशी दोन हुबेहूब रूपं आहेत. एक म्हणजे भूछत्रं. दुसरं क्रियापद, 'काम बजावणं'. फंजिबल, फंक्शन आणि डिफंक्ट हे या दुसऱ्याचे वंशज. एकाच्या बदल्यात दुसरं तेच काम बजावतं म्हणून फंजिबल. निव्वळ योगायोग.

'फ्लाय ॲगॅरिक'चं शास्त्रीय नाव 'ॲमॅनिटा मस्कारिया' आहे. त्यातला 'मस' आणि मशरूमचा 'मश' एकच?

तेही नाही. 'मुस्का' म्हणजे लॅटिनमध्ये माशी. लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेलं, परीकथांच्या पुस्तकांत हटकून दिसणारं हे भूछत्र दुधात घालून माश्या मारायला वापरत. शेवाळाला लॅटिनमध्ये 'मुस्कुस', उंदराला 'मुस', माशीला 'मुस्का'. सारख्या आवाजाच्या मागे लागून व्युत्पत्ती काढू गेलं तर माणूस या तिघांपैकी कुणाच्याही घरी पोहोचेल.

अभ्यासशाखेला 'मायकॉलॉजी' का म्हणतात?

कारण ग्रीकमध्ये भूछत्राला 'मिकेस' म्हणत. हा शब्द इंग्रजीत १८३६ मध्ये रूढ करणारे माइल्स जोसेफ बर्कली हे पेशाने पाद्री होते. गंमत अशी, की त्याच बर्कलींनी १८६० मध्ये काढलेल्या पुस्तकाच्या नावात 'फंगॉलॉजी' वापरलं. तो शब्द अर्धा लॅटिन, अर्धा ग्रीक. तो मागे पडला हे बरंच झालं.

याच ग्रीक शब्दाचं शेपूट अनेक औषधांना लागलं आहे. स्ट्रेप्टोमायसिनमधला 'मायसिन' तिथूनच येतो, पण ते औषध ज्या स्ट्रेप्टोमायसिसपासून मिळतं तो फंगस नाहीच, जिवाणू आहे. धाग्यांसारखी वाढ पाहून आधी लोक फसले आणि नाव चिकटून राहिलं. याउलट पेनिसिलिन खरोखर बुरशीचं, पण त्याच्या नावात बुरशीचा मागमूस नाही. तिथे लॅटिन 'पेनिसिलस', म्हणजे चित्रकाराचा कुंचला, आहे. सूक्ष्मदर्शकाखाली त्या बुरशीचं टोक कुंचल्यासारखं दिसतं. इंग्रजी 'पेन्सिल'ही त्याच घरातली.

आणि प्राचीन ग्रीसमधलं मायसीनी शहर? पॉसेनियस या प्रवाशाने दोन कथा नोंदवल्या आहेत. पर्सियस या पुराणातल्या वीराच्या तलवारीच्या म्यानाची टोपी, जिलाही 'मिकेस'च म्हणत, तिथे गळून पडली. किंवा तहानलेल्या पर्सियसने तिथे एक भूछत्र उपटलं आणि खालून पाणी वाहू लागलं. दोन्ही कथा नावावरून मागाहून रचलेल्या वाटतात. म्हणजे लोकव्युत्पत्तीचा खेळ ग्रीकांनाही चुकला नाही.

इंग्रजीत या वस्तूंसाठी इतके कमी आणि इतके तिरस्काराचे शब्द का?

'हे' आडनावाच्या विल्यम डेलिझल या ब्रिटिश अभ्यासकाने १८८७ मध्ये यासाठी 'फंगोफोबिया' हा शब्द काढला. आपल्या देशबांधवांना सगळी भूछत्रं सरसकट किळसवाणी का वाटतात, याचा त्यांना त्रागा होता. १९५७ मध्ये गॉर्डन वॉसन आणि त्यांच्या रशियात जन्मलेल्या पत्नी व्हॅलेंटिना यांनी तर जगाची विभागणीच केली: भूछत्रं आवडणारे समाज आणि त्यांना भिणारे समाज. इंग्रज दुसऱ्या गटात. इतकी सरसकट विभागणी मला पटत नाही, पण शब्दांची साक्ष वॉसन दांपत्याच्या बाजूने आहे. ज्याला आपण भितो त्याला बारकाईने नावं देत नाही. परक्याकडून एक शब्द उसना आणायचा, बेडकाच्या नावाचा दुसरा जोडायचा, आणि झालं.

'मशरूम' क्रियापद म्हणून कसं वापरतात?

झपाट्याने फोफावणं. मराठीत आपण 'पावसाळ्यातल्या कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवले' म्हणतो, तेच. दोन्ही भाषांना एकच दृश्य सुचलं, कारण ते दृश्य खरंच तसं आहे: लहान कळी आधीच तयार असते आणि पाणी मिळालं की पेशी फुगून ती एका रात्रीत उभी राहते. तिला नव्याने वाढावं लागत नाही, ती फक्त फुगते. नव्या श्रीमंतांना आणि राजाच्या मर्जीतल्या लोकांना हे विशेषण का लागलं असेल ते यावरून समजावं. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या शब्दकोशात 'मशरूम'च्या दुसऱ्या अर्थात उकिरड्यावरून वर आलेला माणूस आहे.

बंदुकीची गोळी आदळल्यावर टोकाशी चपटी होते, तिलाही 'मशरूम होणं' म्हणतात. आणि १९४५ नंतर हा शब्द अणुस्फोटाच्या ढगाला असा चिकटला, की 'मशरूम क्लाउड' म्हटल्यावर कुणाला पाऊस आठवत नाही.

इंग्रजांना छत्री दिसली नाही का?

दिसली, पण उलट्या बाजूने! आपण भूछत्राला छत्री म्हटलं; एकोणिसाव्या शतकातल्या लंडनच्या रस्त्यावरच्या बोलीने छत्रीला मशरूम म्हटलं. छत्र्या दुरुस्त करत फिरणाऱ्याला 'मशफेकर' म्हणत.

'शिताके मशरूम' म्हणणं बरोबर आहे का?

रूढ आहे, पण ते पिवळं पीतांबर आहे. जपानी भाषेत 'ताके' म्हणजेच भूछत्र. 'शी' नावाच्या झाडावर उगवतं म्हणून शिताके, पाइनखाली उगवतं म्हणून मात्सुताके. आणि या निमित्ताने: बटण, क्रेमिनी आणि पोर्टोबेलो या तीन नावांमागे एकच जात आहे. फरक वयाचा आणि रंगाचा.

देवनागरीत कसं लिहावं? मशरूम, मशरुम, मश्रूम?

मशरूम, दीर्घ 'रू'. मराठीच्या नियमाने अकारान्त शब्दात शेवटून दुसरं अक्षर दीर्घ होतं आणि इंग्रजी उच्चारही लांब आहे, त्यामुळे वादच नाही. 'श्र' हे जोडाक्षर नको. उच्चार 'मश्' आणि 'रूम' असा तुटतो. लिंग बहुतेक जण नपुंसक धरतात: ते मशरूम, ती मशरूम. प्रत्यय थेट लावावा, 'मशरूमचा'.

पण मराठी शब्द असताना मशरूम कशाला?

माझं मत विचाराल तर प्रत्येकाला त्याची जागा आहे. अळंबे हे एकवचन, अळंबी हे अनेकवचन. 'ती अळंबी' असं स्त्रीलिंगी एकवचनही आता रुळलं आहे. खाण्याच्या संदर्भात हा शब्द मला सर्वांत जवळचा वाटतो. भूछत्र म्हणजे आकार डोळ्यांसमोर आणणारा शब्द. कुत्र्याची छत्री म्हटलं की ती खायची नाही हे न सांगता कळतं, म्हणून 'टोडस्टूल'चं भाषांतर करायची वेळ आली तर माझा हात तिकडेच जातो. प्राणी बदलला, पण तुच्छता तीच. बुरशी म्हणजे मोल्ड. आणि संपूर्ण राज्यासाठी कवक. हा शब्द कुणी समितीत बसून घडवलेला नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण-कांद्याच्या शेजारी तो निषिद्ध पदार्थांत बसलेला आहे. त्याच्या उलट टोकाला कालिदासाचं मेघदूत. तिथे मेघाच्या गर्जनेने शिलींध्रं, म्हणजे भूछत्रं, उगवतात आणि ती धरती सुफळ असल्याची खूण ठरतात.

अनुवादात 'फंगस'ला सगळीकडे 'बुरशी' लिहू नका, एवढी विनंती. 'जंगलात लाल बुरशी उगवली होती, तिच्यावर पांढरे ठिपके होते' असं वाक्य मी स्वतः दुरुस्त केलं आहे.

'श्रूम' हा शब्द चुकीचा आहे का?

नाही, बोलीतलं लघुरूप आहे, आणि त्याचा रोख बहुतेकदा नशा आणणाऱ्या जातींकडे असतो. औपचारिक लिखाणात टाळावा. गंमत एवढीच, की लोकांनी शब्द तोडला तोही नेमका चुकीच्या सांध्यावर: 'मश'मधला 'श' ओढून 'रूम'ला जोडला.